बरणीतले तीन दिवस

मी माझ्या सुनेचा हेवा केला, हे आधीच लिहून टाकते. ती दिसायला चांगली आहे, माझ्यापेक्षा पुष्कळ शिकलेली आहे, मुलगा तिच्या शब्दाबाहेर नाही. त्यातल्या कशाचं मला काही वाटलं नाही. माझा नवरा तिच्याशी बोलायचा, एवढ्याचाच हेवा होता. वाचणाऱ्याच्या मनात भलतं काही येऊ नये म्हणून सांगते, त्या दोघांचं नातं बाप-लेकीचंच होतं आणि मला दुसरी शंका कधीही आली नाही. आली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. दिवसभर पन्नास पोरांचा गलका ऐकायचा आणि घरी आलं की शांतता. हे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. उसाच्या रसात साखर किती, हे आयुष्यभर मोजलं. हंगामात पाळ्या असायच्या, त्यामुळे आमची गाठ पडायची ती जेवणाच्या ताटावर, आणि तिथं यांचे शब्द ठरलेले. ‘मीठ.’ ‘व्हय.’ ‘बघू.’ वाईट वागले असं एकदाही झालं नाही. आजारपणात उशाशी बसून राहिले, पण बसले तेही गप्पच. काही माणसं अशीच असतात, अशी मी मनाची समजूत घातली होती, आणि ती समजूत छत्तीस वर्षं टिकली.

आम्ही निवृत्त होऊन कोल्हापुरात, जोतिबाला जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला घर बांधलं. डोंगराचा उतार कापून जागा सपाट केलेली, त्यामुळे घराच्या मागं पुरुषभर उंचीची तांबड्या मातीची दरड उभी राहिली. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरतं. मला तिची भीतीच वाटायची, कधी खाली येईल म्हणून. मुलाचं लग्न झालं. तो पुण्यात कंपनीत, आणि सून आमच्याकडं, कारण तिचं पीएच.डी.चं काम इथल्या विद्यापीठात चाललं होतं. प्राणिशास्त्र, आणि त्यातही कोळी. ती मला आत्या म्हणते, यांना मामा.

लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ती सकाळी दात घासत मागच्या दारी गेली आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून दरडीपाशी उकिडवी बसली. मग जोरात ओरडली, “मामा, आत्या, इकडं या!”

मी पीठ मळत होते, हात खरकटे. हे गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिले. तिनं केसातली पिन काढून मातीत सरकवली आणि मातीचं एक झाकण उघडलं. जुन्या चाराण्याएवढं, गोल, एका बाजूला बिजागरीसारखं रेशमानं जोडलेलं. आत बोटभर रुंदीचं बीळ, आणि त्यात झाकणाचा कोळी. वरून शेवाळ, माती सगळं बाजूसारखंच, त्यामुळे झाकण मिटलं की तिथं काही आहे असं कुणाला वाटणार नाही.

ती यांना समजावून सांगायला लागली तर हेच म्हणाले, “ठावं हाय मला. आमच्याकडं आजऱ्याला काजूच्या बागंत असायचे की हे. आम्ही झाकण्या म्हणायचो. बाभळीच्या काट्यानं दार उघडायचं आणि आतनं ती वडून धरायची. कुणाचं दार पहिल्यांदा उघडतंय त्याची पैज लागायची आमची.”

आणि मग ते बोलतच राहिले. काजूच्या बागेबद्दल, वडिलांचा मार चुकवून तिथं दडून बसल्याबद्दल, धाकट्या भावाला एकदा विंचू चावला त्याबद्दल. मोजून अर्धा तास. ती मध्ये मध्ये ‘मग?’ म्हणायची आणि हे पुढं सांगायचे.

माझ्या हातावरचं पीठ वाळून गेलं. यातली एकही गोष्ट मला माहीत नव्हती. दिराला विंचू चावला होता हेसुद्धा मला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, दुसरीला सांगताना कळलं. मी हात धुतले आणि पीठ पहिल्यापासून मळायला घेतलं.

तिच्या सरांनी कोळी पाहून सांगितलं, की या जातीबद्दल फार कमी माहिती आहे. मादीचं वर्णन कुणीतरी पूर्वी करून ठेवलंय, पण नर कुणाच्या हाती लागलेला नाही. मादी जन्मभर एकाच बिळात राहते. नर वयात आला की आपलं बीळ सोडून माद्या शोधत हिंडतो आणि थोड्याच आठवड्यांत मरून जातो. त्यामुळे तो दिसणंच अवघड. झालं, आमची दरड हीच तिची प्रयोगशाळा झाली आणि हे तिचे मदतनीस.

दोघांनी मिळून बिळांना नंबर दिले. आइस्क्रीमचे रिकामे कप काठापर्यंत मातीत पुरले, हिंडणारा नर त्यात पडावा म्हणून. रोज सकाळी कप तपासायचे, दारं मोजायची, वहीत लिहायचं. यांनी तिच्यासाठी घडीचं स्टूल आणलं. पाऊस असला की ती वहीत लिहायची आणि हे तिच्यावर छत्री धरून उभे. माझ्यावर कधी छत्री धरल्याचं मला आठवत नाही. एके दिवशी गॅसचा आवाज आला म्हणून गेले तर हे चहा करत होते. जन्मात पहिल्यांदा. ओट्यावर कप दोन.

“मला न्हाय का?” मी विचारलं.

“तुझा झालाय न्हवं सकाळी?” असं म्हणून कप घेऊन गेले. खोटं नव्हतं. माझा झाला होता.

शेजारच्या बाई म्हणायच्या, “नशीब काढलंसा बघा. सासऱ्याला काय जपती पोरगी! आमच्यात कोण विचारतंय?” मी हसून मान हलवायची.

मीही एकदा गेले दरडीपाशी. ठरवून गेले, की आपणही यात पडायचं. सून खुश झाली. “आत्या, सात नंबर दाखवते तुम्हाला, ती सगळ्यात मोठी आहे.” तिनं बोट केलं. मला नुसती माती दिसत होती.

“अगं, तुझ्या नाकाम्होरं हाय,” हे म्हणाले, जरा वैतागूनच. वर्गात पाढा न येणाऱ्या पोराशी मी जशी बोलायची तसं.

सुनेनं चिमटा माझ्या हातात दिला. मी झाकण उचलायला गेले तर आतून ओढ लागली. एवढासा जीव, पण मादी दाराला नख्या आणि दात रुतवून बसली होती. अंगावर काटा आला. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणाले, “हिला कंटाळा येत नाही का गं एका जागी?”

दोघंही हसले. वाईट हेतूनं नव्हे, पण एकदमच, एकमेकांकडं बघून. मी चिमटा परत दिला आणि भाजी चिरायची आहे म्हणून आत आले. त्यानंतर गेले नाही.

दुसऱ्या वर्षी गौरी-गणपतीत ते घडलं. गौरी यायच्या दिवशी मी पहाटेपासून एकटी राबत होते. घर पुसणं, पितळेची भांडी, शेपूची भाजी, भाकऱ्या. सून म्हणाली होती, “आत्या, एवढे कप बघून दहा मिनिटांत येते.” आदल्या संध्याकाळी जोराचा पाऊस पडून गेला होता, आणि पावसानंतरची सकाळ त्यांना महत्त्वाची. तासभर झाला तरी कुणाचा पत्ता नाही.

मी धुणं धुवायच्या दगडापाशी कळशी घासत होते. दगडाच्या कडेनं एक काळा कोळी चालला होता. केरसुणी उचलली आणि हात थांबला. त्याचे पाय लांब, अंग बारीक, आणि तोंडापुढच्या दोन आखूड पायांची टोकं फुगलेली. सून यांना सांगताना मी शंभरदा ऐकलं होतं, “मामा, नर ओळखायची खूण म्हणजे बॉक्सिंगचे हातमोजे घातल्यासारखा दिसतो.” हातमोजे घातलेलाच होता तो.

हाक मारायला मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात दरडीकडून यांचं हसणं ऐकू आलं. मोठ्यांदा, मान मागं टाकून हसतात तसलं. माझ्या घरात कधी न ऐकलेलं.

मी लोणच्याची रिकामी बरणी त्याच्यावर पालथी घातली, खालून पुठ्ठा सरकवला, उलटी केली. तोंडाला फडकं बांधलं. आणि कोठीच्या खोलीत, पापडांच्या डब्यामागं ठेवून आले. हात धुतले. दहा मिनिटांनी सून आली, पदर खोचत म्हणाली, “सॉरी आत्या, आज पण काही नाही. नुसते भुंगे पडलेत.”

“असू दे,” मी म्हणाले.

खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. गौरी आल्या, हळदीकुंकवाची पावलं काढली, आरती झाली, आणि मधूनच मनात यायचं, की हे दोघं ज्याच्यासाठी दोन वर्षं गुडघ्यांवर बसलेत तो माझ्या पापडांमागं आहे. दुसऱ्या दिवशी पुरण वाटताना मी दोनदा उठून बघून आले. तो बरणीच्या काचेवर चढायचा आणि घसरायचा. जेवताना हे सुनेला म्हणाले, “यंदा तरी घावायला पायजे गं.” मी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

तिसऱ्या दिवशी, गौरी जायच्या दिवशी, बघितलं तर तो तळाशी पाय आखडून बसला होता. बरणी हलवली तर एकच पाय हलला. तेव्हा मी घाबरले. कापसाचा ओला बोळा आत टाकला, थोडा वेळ वाट बघितली. मग बरणी घेऊन सरळ दरडीपाशी गेले.

“हे बघा काय आहे. न्हाणीत सापडला. आत्ताच.”

सुनेनं बरणी उजेडात धरली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. “आत्या!” म्हणाली आणि बरणीसकट मला मिठी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हे माझ्याकडं बघत होते. दरडीकडं बघायचे तसे, नवल वाटून. मला ते बघणं हवं होतं, कितीतरी वर्षं. आणि ते मिळालं ते असं.

दिवस मावळताना त्यांनी त्याला सात नंबरच्या दारासमोर सोडलं. मीही उभी राहिले. नर दारावर पायांनी टकटक करतो आणि मादी मनात आलं तर दार उघडते, असं म्हणतात, सून हळू आवाजात सांगत होती. या जातीत ते बघितल्याची नोंद तिला कुठं मिळाली नव्हती. तो दारापासून दोन बोटांवर बसून राहिला. एकदा पुढचा पाय उचलला आणि खाली ठेवला. अंधार पडेपर्यंत आम्ही थांबलो. शेवटी तिनं त्याला डबीत घेतलं. सकाळी तो मेलेला होता.

“वय झालं असणार त्याचं,” ती म्हणाली. “निदान मिळाला तरी.”

पुढचे आठ दिवस घरात एकच विषय. नर पाऊस पडल्यावर लगेच बाहेर पडायला हवा, मग हा दोन दिवस कोरडे गेल्यावर कसा आला? यांनी पावसाची वही काढली, कोष्टक मांडलं. आणि नवल म्हणजे ते मला समजावून सांगायला लागले. दुपारी मी तांदूळ निवडत बसले की समोर येऊन बसायचे. “म्हंजे बघ, माती वरनं वाळायची तो वाट बघत असणार. ओल्या मातीत चालताना त्याला त्रास हुईत असंल.” मी ‘मग?’ म्हणायची, आणि ते पुढं सांगायचे. इतक्या वर्षांनी माझा नवरा माझ्याशी गप्पा मारत होता, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर माझ्या खोट्यावर उभं होतं.

हे असंच चालू द्यावं असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण एका दुपारी, हे केस कापायला गेलेले असताना, सून लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. सरांनी यांची ती कल्पना लिहून काढायला सांगितली होती. “मामांचं नाव पण देणार आहोत,” ती म्हणाली. “आत्या, न्हाणीत सापडला तेव्हा साधारण किती वाजले होते?”

मी वर्गाची हजेरी तीस वर्षं मांडली आहे. गैरहजर पोराला हजर कधी दाखवलं नाही. मी गॅस बंद केला.

“तो त्या दिवशी नाही सापडला,” मी म्हणाले. “गौरी आल्या त्या दिवशी सकाळी सापडला. धुण्याच्या दगडापाशी. मी ठेवला होता बरणीत.”

तिला आधी कळेचना. “म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं तो नर आहे ते?”

“माहीत होतं.”

तिनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, “तीन दिवस?”

“व्हय.”

“पाणी नव्हतं त्याला?”

“शेवटच्या दिवशी दिलं.”

तिनं लॅपटॉप मिटला. “का पण, आत्या?”

“तुम्ही हसत होता,” एवढंच म्हणाले. ते ऐकायला इतकं पोरकट वाटलं की मीच खाली बघितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मला त्याला दार वाजवताना बघायचं होतं.” आणि उठून गेली. थोड्या वेळानं वही घेऊन परत आली, तारखेवर रेघ मारली, पेन तयार धरून, माझ्याकडं न बघता विचारलं, “सकाळी किती वाजता? ऊन होतं का? दगड ओला होता?” मी सांगत गेले, ती लिहीत गेली. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला निघून गेली. सुट्टीच होती, पण जायचं आधी ठरलेलं नव्हतं.

यांना मीच सांगितलं. ऐकून घेतलं आणि बाहेर जाऊन बसले. त्यांचं कोष्टक टेबलावर तसंच पडून होतं. दोन दिवस ‘मीठ’सुद्धा मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “राग आलता तर सांगायचं हुतंस की मला.”

“तुम्ही ऐकलं असतं?”

त्यांनी घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले. “काय की,” म्हणाले. “म्हाईत न्हाय.” मला ते उत्तर खरं वाटलं.

त्याच आठवड्यात यांचा गुडघा सुजला. कप तपासायला कुणी नव्हतं. मी गेले. पहिल्या दिवशी मला तीनच दारं दिसली. ती मी सुनेला मेसेजमध्ये कळवली. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच दिसली. ‘सात नंबरच्या दाराला कडेनं नवी माती लावलीय,’ असं लिहिलं. अंगठा आला. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, ‘नवी माती बाहेरून की आतून?’ मी चष्मा लावून परत गेले आणि बघून लिहिलं. असं करत करत ती पंधरा दिवसांनी घरी आली. माझ्या हातची चटणी मागून घेतली, एवढंच.

आमच्यात पहिल्यासारखं मोकळं व्हायला वर्ष गेलं. पुढच्या पावसाळ्यात आम्ही तिघांनीही कप तपासले. नर आला नाही.

तिचा प्रबंध झाला आणि तिनं आम्हा दोघांना विभागात नेलं. काचेच्या बारीक नळीत, स्पिरिटमध्ये तो होता. शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांचं लेबल. जातीचं नाव, गाव, गौरी आल्या त्या दिवसाची तारीख, आणि खाली ‘संग्राहक’ म्हणून माझं पूर्ण नाव.

“माझं कशाला गं?” मी म्हणाले. लाजेनं कानशिलं तापली होती.

“ज्यानं पकडला त्याचंच लागतं, आत्या. नियम आहे,” ती म्हणाली. मग किंचित हसली. “काय करणार?”

हे चष्मा वर करून लेबल दोनदा वाचत होते. बाहेर पडून रिक्षाच्या थांब्यापर्यंत चालले. मग थांबून म्हणाले, “दोन वरसं गुडघं मी झिजवलं. छत्री मी धरली. आणि नाव तुझं?”

“मग तुम्ही का नाही पकडला?”

“माझ्याम्होरं आला असता तर पकडला नसता व्हय? तुझ्याच दगडावर कसा काय गेला त्यो?”

“मला काय विचारता? त्याला विचारायचं होतं.”

रिक्षात बसेपर्यंत, आणि बसल्यावरही, हे तेच काढत राहिले. एवढं चिडलेलं मी त्यांना कारखान्याच्या संपातही पाहिलं नव्हतं. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी मुद्दाम एकेक शब्द टाकत होते, बोलणं थांबू नये म्हणून.

सून आता पुण्यात असते. रोज संध्याकाळी यांना फोन करते, दरडीची चौकशी करते, आणि हे अर्धा अर्धा तास बोलतात. ते चालू असताना मी अजूनही टीव्हीचा आवाज जरा वाढवते. फोन ठेवला की मात्र विचारते, काय म्हणाली. कधी सांगतात, कधी ‘काय न्हाय’ म्हणून मोकळे होतात.